एडिथ कॅव्हेल यांचे परिचारिका म्हणून कार्य काय होते?

सायली_क:
पहिल्या महायुद्धात जर्मन लष्कराने १२ ऑक्टोबर १९१५ रोजी ब्रसेल्स येथे गोळ्या घालून ठार केलेल्या एडिथ कॅव्हेल यांच्याविषयी जे काही वाचायला मिळते, त्यात त्यांच्या मृत्यूचीच हकिकत मोठी असते. त्या वेळी त्या ४९ वर्षांच्या होत्या, म्हणजे त्याआधी बरीच वर्षे रुग्णालयात गेली असणार. त्या काळातील त्यांच्या कामाविषयी कोणी सविस्तर सांगेल का?

जुनी_सिस्टर:
इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यातल्या एका धर्मगुरूंची ही मुलगी काही वर्षे ब्रसेल्समध्ये मुलांची शिक्षिका होती आणि तिशी गाठल्यावर, १८९६ साली, लंडन हॉस्पिटलमध्ये परिचर्येचे शिक्षण घेऊ लागली. पुढच्याच वर्षी मेडस्टोन येथे विषमज्वराची मोठी साथ आली, तेव्हा तेथे पाठवलेल्या परिचारिकांमध्ये त्या होत्या. मात्र त्यांचे खरे कर्तृत्व १९०७ नंतरचे आहे. डॉ. आंत्वान दपाज यांनी ब्रसेल्समध्ये परिचारिकांचे नवे विद्यालय काढून त्यांना मेट्रन, म्हणजे मुख्य परिचारिका, म्हणून बोलावले. बेल्जियममध्ये तोवर रुग्णसेवा प्रामुख्याने नन करीत. त्यांच्या सेवाभावाविषयी प्रश्न नव्हता, परंतु बदलत्या शस्त्रक्रियाशास्त्राला साथ देईल असे पद्धतशीर प्रशिक्षण त्यांना मिळालेले नसे, ही दपाज यांची तक्रार होती. चांगल्या घरातील मुलीने पगार घेऊन परक्या रुग्णांची शुश्रूषा करणे तिथेही कमीपणाचे मानले जाई, याचे आपल्याकडच्या जुन्या सिस्टरांना मुळीच नवल वाटणार नाही. अशा वातावरणात कॅव्हेल यांनी कडक शिस्तीत मुली तयार केल्या, १९१० साली परिचारिकांसाठी नियतकालिक सुरू केले आणि काही वर्षांतच त्यांच्या परिचारिका ब्रसेल्समधील रुग्णालयांत व शाळांत काम करू लागल्या.

दप्तरदार:
वरील माहितीत एक भर घालतो. युद्ध सुरू झाल्यावर विद्यालयाचे रेड क्रॉस रुग्णालय झाले आणि तेथे जखमी जर्मन सैनिकांवरही उपचार झाले. त्याच वेळी सुमारे दोनशे ब्रिटिश, फ्रेंच व बेल्जियन लोकांना तटस्थ हॉलंडकडे निसटून जाण्यास कॅव्हेल यांनी मदत केली आणि अटकेनंतर ते कबूलही केले. ब्रिटिश प्रचारपत्रकांनी मात्र त्यांना निष्पाप, कोवळी तरुणी बनवून सैन्यभरतीसाठी वापरले. माझ्या मते हा त्यांच्यावरचा दुसरा अन्याय होय, कारण जाणूनबुजून धोका पत्करणारी प्रौढ, अनुभवी मेट्रन त्यात पार पुसली गेली.

सायली_क:
दोघांचेही आभार. देशभक्ती पुरेशी नाही, कोणाविषयीही द्वेष वा कटुता असता कामा नये, असे त्यांनी आदल्या रात्री धर्मगुरूंना सांगितले होते, ते या प्रचाराशी कसे जुळवले गेले?

दप्तरदार:
जुळवले गेलेच नाही. लंडनमध्ये १९२० साली उभारलेल्या पुतळ्यावर 'राजासाठी आणि देशासाठी' असे कोरले होते. त्यांचे स्वतःचे शब्द महिला संघटनेने आग्रह धरल्यावर १९२४ साली तेथे आले.

जुनी_सिस्टर:
पुतळ्यापेक्षा मला १९१७ साली त्यांच्या स्मरणार्थ उभी राहिलेली संस्था मोलाची वाटते. अडचणीत सापडलेल्या परिचारिकांना ती ब्रिटनमध्ये आजही आर्थिक मदत करते.