न्यू जर्सीतून दुसऱ्या स्टेटच्या युनिव्हर्सिटीची फी कशी झेपवायची?

लेक हायस्कूलच्या सीनियर इयरला (शेवटच्या वर्षाला), ग्रीन कार्ड आहे. कॅलिफोर्नियाची यूसी बर्कलीच हवी म्हणून हटून बसलीये, पण बाहेरच्या स्टेटवाल्यांची फी बघून आमचे डोळे पांढरे झाले. एड (आर्थिक मदत) मिळते का काही?

– फाफ्सा (सरकारी एडचा फॉर्म) भरा, ग्रीन कार्डवर फेडरल एड चालते. पण बाहेरच्यांच्या जादा ट्युशनसाठी यूसी नीड-बेस्ड (घरच्या गरजेनुसार) ग्रँट देत नाही, तिथे फार आशा नको.

– ताई, यूव्हीए (व्हर्जिनिया) नाहीतर चॅपल हिल (नॉर्थ कॅरोलिना) या युनिव्हर्सिट्या बघा ना, बाहेरच्यांचीही पूर्ण नीड भागवतात, फक्त सीएसएस प्रोफाइल हा एडचा आणखी एक फॉर्मपण लागतो आणि त्यात घराची किंमत, सेव्हिंग्ज, सगळं खोदून खोदून विचारतात.

– मार्क्स चांगले असतील तर युनिव्हर्सिटी ऑफ अलाबामा. जीपीए (शाळेचे ग्रेड) आणि एसएटी परीक्षेवर मेरिट स्कॉलरशिप, फुटबॉलचं वेड फुकट :)

– आणि वर्षभर तिथे राहून इन-स्टेट (तिथल्या रहिवाशांची कमी फी) होईल हे विसरा, आईबाप जर्सीत असले की सहसा जमत नाही.