मदत हवी आहे: जिभेची भयंकर आग, इंदूरमध्ये नक्की कोणाला दाखवावं?

पलासियाची_पूर्वा
जीभ लालभडक आणि एकदम गुळगुळीत झालीये. तिखट सोडाच, वरणभात खाल्ला तरी आग. बी कॉम्प्लेक्स झालं, तोंड आल्यावर लावायचं जेल झालं, फरक शून्य. कान-नाक-घसावाल्याकडे जायचं, दातवाल्याकडे की स्किनवाल्याकडे? रविवारी घरात मुंज आहे, प्लीज लवकर सांगा. आणि 'गूगल कर' म्हणू नका, तिथे दोन मिनिटांत कॅन्सर निघतो.

सराफ्याचा_भुक्खड
पोह्यांवर जीरावन मसाला किती घेता? सेव-कचोरी थोडे दिवस बंद. इंदुरात राहून हे सांगताना माझा हात थरथरतोय भिया.

आप्पा_रामबागवाले
उष्णता आहे, दुसरं काही नाही. रात्री जिभेला साजूक तूप, सकाळी इरिमेदादि तेलाच्या गुळण्या, दिवसभर ज्येष्ठमधाची काडी चघळा. आमच्या घरात यापुढे कधी काही लागलं नाही.

लॅबवाला
आप्पा, तुपाने आग शमेल, पण गुळगुळीत जीभ म्हणजे वरचे बारीक दाणेच झिजलेत. ते बहुतेक रक्तात काहीतरी कमी असल्यामुळे जातात: बी१२, लोह, फॉलिक ॲसिड. पूर्वाताई, तुमचं वय काय? शाकाहारी का? औषधं कोणती?

पलासियाची_पूर्वा
माझं वय कशाला? जीभ सासूबाईंची आहे. ६८. शाकाहारी, कांदा-लसूणही नाही. औषध काही नाही.

दाढदुखी_तज्ज्ञ
दंतवैद्य आहे म्हणून विचारते, कवळी आहे का? असेल तर रात्री काढून पाण्यात ठेवतात का? दम्याचा पंप?

पलासियाची_पूर्वा
कवळी आहे, घालूनच झोपतात. 'रात्री कोणी आलं तर बिनदाताची दिसेन' म्हणतात. रात्री कोण येणारे देव जाणे. पंप नाही. नेहमीच्या गोळ्या आहेत शुगरच्या आणि बीपीच्या, पण शुगरची तर अर्ध्या कॉलनीला चालू आहे, ती काय औषधात धरायची?

लॅबवाला
धरायची म्हणजे? तीच आधी धरायची! मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की बी१२ नीट शोषलं जात नाही. त्यात शाकाहारी, म्हणजे येणार ते फक्त दूध-दह्यातून. ॲसिडिटीची गोळी रोज घेत असतील तर आणखी भर. पायाला मुंग्या येतात का?

गोड_माणूस
मी १५ वर्षं मेटफॉर्मिन घेतोय, जीभ ठणठणीत. असलं वाचून लोक गोळ्या बंद करतात आणि शुगर ४०० ला नेतात. जरा जपून लिहा.

लॅबवाला
बंद करा असं मी कुठे लिहिलं? तपासणी करा म्हटलं. तुमचीही करून घ्या, जीभ ठणठणीत असली तरी.

दाढदुखी_तज्ज्ञ
बीपीच्या गोळीचं नावही बघून ठेवा. काही गोळ्यांनी जीभ एकाएकी सुजते. तसं झालं किंवा श्वास अडकला तर धागा न वाचता थेट इमर्जन्सी. नाहीतर आधी एमडी फिजिशियन, मग माझ्यासारखी. अहोरात्र कवळी घातली की तिच्याखाली बुरशी धरते, तिनेही आग होते. दोन्ही एकदम असू शकतं.

पलासियाची_पूर्वा
मुंग्या येतात. काल देवघरातून बाहेर आल्या तर एक चप्पल उंबऱ्यापाशीच राहिली होती, पायातून निसटलेली त्यांना कळलंच नाही. आम्ही समजत होतो शुगरचंच. घरात फॉलिक ॲसिडच्या गोळ्या पडल्यात, देऊ का तोवर?

लॅबवाला
नुसतं फॉलिक नको! बी१२ कमी असताना ते एकटं दिलं तर हिमोग्लोबिन सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं. आधी रक्त द्या, इंजेक्शन-गोळ्या मागून. सुरू केल्यावर रिपोर्ट काढला तर आकडा फुगलेला येतो.

बखरवाला
बी१२ हातात येण्याआधी, ते कमी पडून होणाऱ्या रक्तक्षयाच्या पेशंटना रोज कलेजी खायला घालत. त्यावर मायनॉट, मर्फी आणि व्हिपल यांना १९३४ चं नोबेल मिळालं. जीवनसत्त्व वेगळं काढता आलं १९४८ मध्ये.

आप्पा_रामबागवाले
कांदा न खाणाऱ्या बाईंना कलेजी सुचवताय? धन्य आहात.

बखरवाला
सुचवली नाही हो, इतिहास सांगितला.

पलासियाची_पूर्वा
रिपोर्ट आला. बी१२ १३२, लॅबची खालची मर्यादा २००. एमडींनी इंजेक्शनं सुरू केली, टाळूवर बुरशीही निघाली, त्याचं जेल दिलंय. कवळी आता रात्री वाटीत. मुंजीला त्या मऊ भात आणि श्रीखंड खाणार, बटाट्याची भाजी बघणार. शुगरवर कोणी लेक्चर देऊ नका, अर्धी वाटीच आहे.

आप्पा_रामबागवाले
तूप चालू ठेवा.

विजयनगरची_आई
माझ्या मुलाच्या जिभेवर नकाशासारखे लाल डाग आहेत, कडा पांढऱ्या, दर आठवड्याला जागा बदलतात. त्यालाही बी१२ देऊ का?

दाढदुखी_तज्ज्ञ
ही बहुतेक नकाशा-जीभ, निरुपद्रवी असते, लागत नसेल तर औषधही नको. पण एकच डाग किंवा जखम त्याच जागी दोन आठवड्यांवर टिकली तर दाखवा. आणि ताई, नवा धागा काढा, इथे आता श्रीखंडावर भांडण सुरू होणार आहे.