बायर्ड रस्टिन यांच्या फलकावर काय लिहावे?

अक्षरवेल (मूळ टिपण) :
अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या महिन्यानिमित्त आमच्या मराठी मंडळाने गावातील वाचनालयात छोटेसे प्रदर्शन मांडले आहे. त्यात बायर्ड रस्टिन यांचाही फलक आहे. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी निघालेल्या १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाचे सूत्रधार, गांधीविचाराचे अभ्यासक, कामगारांचे कैवारी असे त्यांचे वर्णन आम्ही केले आहे. ते समलिंगी होते, हे मात्र जाणूनबुजून लिहिलेले नाही. मोठ्या माणसाची पारख त्याच्या कामावरून व्हावी, त्याच्या शयनगृहात डोकावू नये, असे आमचे मत पडले. हा उल्लेख नसेल तर इतिहास अपुरा राहतो, असे हल्ली सर्रास ऐकू येते. ते मला पटत नाही.

दूरदेशी :
“जाणूनबुजून लिहिलेले नाही” हे शब्द वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. रस्टिन यांच्या खासगी आयुष्यात डोकावले ते पोलिसांनी, त्यांच्याच सहकाऱ्यांनी आणि अखेरीस अमेरिकेच्या सिनेटने. जानेवारी १९५३ मध्ये व्याख्यानासाठी कॅलिफोर्नियात गेले असता पासाडेना येथे समलिंगी संबंधांवरून त्यांना अटक झाली, साठ दिवसांची कैद झाली, आणि ज्या शांततावादी संघटनेसाठी त्यांनी तारुण्याची उमेदीची वर्षे वेचली होती तिने त्यांना दूर केले. १९५६ मध्ये बसवरील बहिष्काराच्या आंदोलनासाठी ते माँटगोमेरीला पोहोचले तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरात संरक्षणासाठी बंदुका होत्या. अहिंसा हा केवळ डावपेच नसून जगण्याची रीत आहे, हे त्या तरुण धर्मोपदेशकाला समजावून सांगणाऱ्यांत रस्टिन अग्रभागी होते. पण त्यांचा पूर्वेतिहास बाहेर आला तर चळवळ बदनाम होईल या भीतीने तेथूनही त्यांना लवकर निघावे लागले. १९६० मध्ये हार्लेमचे काँग्रेस सदस्य ॲडम क्लेटन पॉवेल यांनी, किंग आणि रस्टिन यांच्यात शरीरसंबंध असल्याची खोटी कंडी पिकवण्याची धमकी दिली. पॉवेल स्वतः कृष्णवर्णीय होते, हे विसरू नये. किंग कचरले आणि त्यांनी रस्टिन यांचा राजीनामा स्वीकारला.

मोर्चाच्या वेळी याचीच पुनरावृत्ती झाली. नागरी हक्क चळवळीतील एक प्रमुख नेते रॉय विल्किन्स यांनी रस्टिन यांच्या नेतृत्वाला विरोध केला, म्हणून प्रमुखपद स्वतःकडे घेऊन ज्येष्ठ कृष्णवर्णीय कामगार नेते फिलिप रँडॉल्फ यांनी रस्टिन यांना उपप्रमुख नेमले आणि सगळे काम त्यांच्यावर सोपवले. मोर्चाला जेमतेम दोन आठवडे उरले असताना सिनेटर स्ट्रॉम थर्मंड यांनी सभागृहात उभे राहून रस्टिन यांचा कम्युनिस्ट, युद्धचुकार आणि विकृत म्हणून उद्धार केला आणि पासाडेनाच्या अटकेची नोंद संसदीय कामकाजात दाखल केली. या वेळी रँडॉल्फ जाहीरपणे पाठीशी उभे राहिले आणि रस्टिन टिकले.

या प्रसंगांमधून समलैंगिकतेचा उल्लेख काढून टाका आणि उरलेला वृत्तान्त सांगून पाहा. एक विलक्षण कर्तबगार माणूस दर काही वर्षांनी विनाकारण स्वतःच्याच चळवळीतून बाहेर टाकला जातो, असे त्यातून दिसते. त्याला बाहेर टाकणारे कोण आणि कशासाठी, हे तुमचा फलक लपवतो. खासगीपणाचा मान राखण्याच्या नावाखाली त्यांच्यावर झालेला अन्याय झाकला जातो आहे.

कृष्णाकाठ :
दूरदेशी यांनी सांगितलेले प्रसंग खरे आहेत. परंतु रस्टिन विस्मृतीत गेले ते केवळ समलिंगी असल्यामुळे, ही मांडणी सोयीची आहे. २८ ऑगस्ट १९६३ नंतरचे रस्टिन आपल्याला अडचणीचे वाटतात, म्हणून आपण त्या दिवशीच थांबतो. १९६४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अटलांटिक सिटीच्या अधिवेशनात मिसिसिपीहून आलेल्या प्रतिनिधींनी, ज्यांत फॅनी लू हेमर यांच्यासारख्या शेतमजूर स्त्रिया होत्या, केवळ दोन जागांची तडजोड पत्करावी म्हणून रस्टिन यांनी त्यांची मनधरणी केली. १९६५ मध्ये त्यांनी लेख लिहून आंदोलनाकडून राजकारणाकडे वळण्याचा सल्ला दिला. दुसऱ्या महायुद्धात लष्करी सेवा नाकारून ज्या माणसाने दोन वर्षांहून अधिक काळ तुरुंग भोगला, तो व्हिएतनामच्या प्रश्नावर किंग यांच्या बाजूला उभा राहिला नाही. १९६८ च्या न्यूयॉर्कमधील शिक्षकांच्या संपात तर कृष्णवर्णीय वस्तीतील पालक एका बाजूला होते आणि रस्टिन शिक्षक संघटनेच्या बाजूला. तरुण पिढीने त्यांना दूर केले ते या कारणांसाठी. ज्याला ‘उपेक्षित’ म्हणून साजरे करायचे त्याची राजकीय जबाबदारी माफ करायची, ही पद्धत मला मान्य नाही.

दूरदेशी :
कृष्णाकाठ, माफ करा असे मी कोठेही म्हटलेले नाही. पण तुमचा कालक्रमच तुमच्या विरोधात जातो. १९५३, १९५६ आणि १९६० मध्ये त्यांना दूर सारले गेले तेव्हा व्हिएतनाम आणि शिक्षकांचा संप भविष्यात होते. मोर्चाच्या व्यासपीठावरून मागण्या वाचून दाखवणारा, रँडॉल्फ यांच्यासह ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकलेला माणूस पुढे आपल्या पाठ्यपुस्तकी माहितीत सापडत नाही, याला केवळ १९६८ चा संप कारणीभूत आहे, असे तुम्ही मनापासून म्हणता का? किंग यांच्या भाषणाची एक ओळ प्रत्येकाला पाठ असते. ते भाषण अडीच लाख लोकांना ऐकू जावे म्हणून उत्तम ध्वनियंत्रणेचा हट्ट कोणी धरला, आदल्या दिवशी तिची नासधूस झाल्यावर लष्कराच्या संदेश विभागाकडून ती रातोरात दुरुस्त कशी झाली, हे किती जणांना ठाऊक आहे?

नागपूरकर :
आपण सगळे अमेरिकेतील एका फलकावर भांडत आहात, पण माझी तक्रार वेगळी आहे आणि ती मी येथेच मांडणार. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती तिकडच्या कृष्णवर्णीयांच्या ‘ब्लॅक पँथर’चे नाव घेऊन. कृष्णवर्णीयांच्या इतिहासाशी मराठी माणसाचा खरा संबंध या वाटेने येतो. तुमच्या प्रदर्शनात यांपैकी एकाचा तरी फलक आहे का? कॅलिफोर्नियाच्या ज्या गव्हर्नरांनी २०२० मध्ये रस्टिन यांना मरणोत्तर माफी दिली, त्यांनीच २०२३ मध्ये जातिभेदाविरुद्धचे विधेयक नाकारले, आणि ते नाकारले जावे म्हणून आपल्याच देशबांधवांच्या संघटना झटत होत्या. त्या विधेयकाच्या वेळी माझी भाची तेथे नोकरी करत होती. कार्यालयातील मराठी सहकाऱ्यांनी जेवणाच्या सुट्टीत तिला आडनावावरून आडून आडून किती प्रश्न विचारले, हे तिने मला सांगितले आहे. अशा लोकांनी भिंतीवर रस्टिन लावले तर मला त्याचे कौतुक वाटत नाही.

अक्षरवेल :
नागपूरकर, आपल्या भाचीला जे सोसावे लागले ते निंद्य आहे. फुले आणि ड्यू बॉइस यांचा फलक हवा होता, ही सूचना मी समितीपुढे ठेवीन. परंतु त्या सहकाऱ्यांचे पाप आमच्या मंडळाच्या माथी मारू नका. हे प्रदर्शन उभे करण्यासाठी आम्ही काही जणांनी रात्री जागवल्या आहेत.

दूरदेशी, आपल्या लेखनाचा सूर मला लागला. लपवणे आणि मान राखणे यांत फरक आहे. माझ्या आत्याने लग्न केले नाही. आयुष्यभर ती एका मैत्रिणीबरोबर राहिली. घरातल्या कोणी कधी त्याबद्दल एक अक्षर उच्चारले नाही, आणि त्या मौनामुळे ती दरवर्षी दिवाळीला मानाने घरी येऊ शकली. सगळे उघड्यावर मांडणे हीच मुक्ती आहे, असे ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

गिरणगाव :
अक्षरवेल, आपल्या आत्याबाईंविषयी आदर राखून विचारतो : दिवाळीला त्या मैत्रिणीलाही मानाने बोलावले जात असे का?

माझे मामा गिरणीत साचे चालवत आणि युनियनचे काम करत. मोर्चा ठरला की सगळी तयारी त्यांच्याकडे. त्यांच्याजवळ एक लांबट, लाल पुठ्ठ्याची जमाखर्चाची वही असे. कोणत्या खात्यातून किती माणसे, कोणती पाळी सुटल्यावर कोठे जमायचे, पाण्याची पिंपे कोणत्या नाक्यावर, कर्ण्याची बॅटरी कोणाच्या घरून यायची, बायकांसाठी मुतारीची सोय कोणत्या चाळीत, हे सारे त्यांच्या बारीक अक्षरात त्या वहीत लिहिलेले असे. चाळीतल्या खोलीत ते एका मित्राबरोबर राहत आणि ते दोघे कोण आहेत हे सगळ्यांना माहीत होते. युनियनने पुढे स्मरणिका काढली तेव्हा व्यासपीठावर बसलेल्या प्रत्येकाचे छायाचित्र तीत होते. मामांचे नाव चहापाण्याची व्यवस्था पाहणाऱ्यांच्या यादीतही नव्हते. त्यांच्याबद्दलही कोणी वाईट एक अक्षर उच्चारले नव्हते. मामा गेल्यावर त्या मित्राला तिरडीजवळ उभे राहू दिले, पण खांदा देऊ दिला नाही.

रस्टिन यांच्या कचेरीत गाड्या, पाणी, शौचालये यांची आखणी झाली, न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये स्वयंसेवकांनी ऐंशी हजार लोकांसाठी चीजची सँडविचे बांधली, हे वाचताना मला ती वही आठवते. असे काम करणाऱ्याचे नाव गाळणे फार सोपे असते, कारण ते काम व्यासपीठावरून दिसत नाही. त्यातून तो समलिंगी असेल तर गाळणाऱ्याला कोणी जाबही विचारत नाही.

कृष्णाकाठ :
गिरणगाव यांच्या मामांची हकीकत वाचून मन हलले, पण वैयक्तिक अनुभवाने माझ्या आक्षेपाचे उत्तर मिळत नाही. व्हिएतनामविषयी कोणी बोलणार आहे की नाही? एप्रिल १९६७ मध्ये त्याच रिव्हरसाइड चर्चमधून किंग यांनी युद्धाचा धिक्कार केला, तेव्हा त्यांचा जुना मार्गदर्शक कोठे होता? राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या सरकारशी असलेली युती जपण्यासाठी तो गप्प राहिला.

दूरदेशी :
युती जपण्यामागे हिशेब होता आणि तो पोटापाण्याचा होता. मोर्चाचे नावच नोकऱ्या आणि स्वातंत्र्य यांसाठीचा मोर्चा असे होते. दोन डॉलर किमान वेतन ही त्याची मागणी होती. १९६६ मध्ये रँडॉल्फ आणि रस्टिन यांनी दहा वर्षांत गरिबी संपवण्यासाठी सुमारे १८५ अब्ज डॉलरचे ‘स्वातंत्र्याचे अंदाजपत्रक’ मांडले. ते मंजूर होण्यासाठी सरकारशी संबंध तोडून चालणार नव्हते, असे त्यांचे मत होते. मला ते मत चुकीचे वाटते, युद्धानेच तो पैसा गिळला. पण तुम्ही त्यांना विकला गेलेला माणूस ठरवू पाहता, ते मी सहन करणार नाही.

कृष्णाकाठ :
‘विकला गेलेला’ हे शब्द तुमचे आहेत, माझ्या तोंडी घालू नका. मी विसाव्या वर्षापासून कामगार संघटनेत आहे. सरकारशी युती करताना खालच्या माणसाला गप्प बसायला सांगितले जाते, हे मी अंगावर झेललेले आहे. हेमर बाईंना तेच सांगितले गेले आणि त्यांनी ऐकले नाही, म्हणून त्या मला मोठ्या वाटतात.

सावली :
हेमर यांचे नाव निघालेच आहे, तर स्त्रियांविषयी बोलू या, कारण एवढ्या उत्तरांत कोणालाही ती आठवण झाली नाही. मोर्चाच्या संयोजन समितीत ॲना अर्नोल्ड हेजमन ही एकच स्त्री होती. मुख्य वक्त्यांच्या यादीत एकाही स्त्रीचे नाव नाही म्हणून तिने आक्षेप घेतला, तेव्हा कोठे लढाऊ स्त्रियांना अभिवादनाचा छोटा कार्यक्रम घालण्यात आला आणि डेझी बेट्स यांना काही वाक्ये बोलू दिली. मोर्चाच्या तोंडावर रँडॉल्फ यांनी ज्या पत्रकार संघात भाषण करण्याचे मान्य केले, तेथे स्त्री पत्रकारांना सज्जात बसवत असत. कृष्णवर्णीय वकील पॉली मरी यांनी त्याबद्दल त्यांना खडसावणारे पत्र लिहिले. या मरी बाई १९४० मध्येच व्हर्जिनियात बसमधील वर्णभेदाला विरोध केल्याबद्दल तुरुंगात गेल्या होत्या. त्यांचेही प्रेम स्त्रियांवर होते, आणि आपण पुरुष आहोत की स्त्री या प्रश्नाशी त्या वर्षानुवर्षे झगडल्या. रस्टिन यांच्यावर झालेल्या अन्यायाविषयी दूरदेशी यांनी लिहिलेले प्रत्येक वाक्य मला मान्य आहे. पण समितीने स्त्रियांना मागे ठेवले तेव्हा सगळी सूत्रे हलवणारे रस्टिनच होते.

दूरदेशी :
सावली, या मुद्द्यावर बचाव नाही. हेजमन आणि मरी यांचे स्वतंत्र फलक हवेत.

अक्षरवेल :
गिरणगाव यांच्या प्रश्नाचे उत्तर देते. आत्याच्या मैत्रिणीला बोलावणे जात नसे. ती दिवाळीचे दिवस स्वतःच्या भावाकडे काढत असे.

त्यावरून आमचे संपूर्ण मत बदलले, असे कोणी समजू नये. एखाद्याने स्वतः झाकून ठेवलेली गोष्ट त्याच्या मागे उघड करणे मला आजही अयोग्य वाटते. परंतु रस्टिन यांनी ती झाकली नव्हती, हे मला मान्य करावे लागते. १९८६ मध्ये न्यूयॉर्कमधील समलिंगी हक्कांच्या कायद्यासाठी ते स्वतः उघडपणे बोलले. शिवाय त्यांचे जोडीदार वॉल्टर नेगल यांच्याशी विवाह करणे कायद्याने अशक्य असल्यामुळे रस्टिन यांनी त्यांना १९८२ मध्ये दत्तक घेतले, त्यासाठी समाजसेवा खात्याची व्यक्ती घर तपासून गेली आणि नेगल यांच्या आईला मुलावरचा हक्क सोडल्याच्या कागदावर सही करावी लागली, हे मी काल वाचले. ज्या आईचे मुलाशी काही भांडण नाही तिला असा कागद करावा लागतो, ही खासगी बाब म्हणता येणार नाही. ती कायद्याने आणलेली पाळी आहे. तेव्हा फलकावर पासाडेना, पॉवेल यांची धमकी, थर्मंड आणि हे दत्तकपत्र यांविषयी चार ओळी घालाव्यात, असे मी समितीला सांगेन. समितीतील दोघांचा विरोध राहील आणि त्यांना राजी करण्याची हमी मी देत नाही.

कृष्णाकाठ :
मग अटलांटिक सिटी आणि व्हिएतनाम यांचीही ओळ त्याच फलकावर हवी. मजकूर मी लिहून पाठवतो. दूरदेशी यांनी तो तपासावा, पण मवाळ करू नये.

नागपूरकर :
आणि ‘गुलामगिरी’च्या अर्पणपत्रिकेचा फलक कधी लागणार, याचे उत्तर अजून मिळालेले नाही.