मदत हवी आहे: बहिणीसाठी एलआयटीचं केमिकल की प्रायव्हेटात कॉम्प्युटर? (नागपूर)

नमस्कार मंडळी, लहान बहिणीच्या ॲडमिशनवरून घरात नुसता कल्ला चालू आहे म्हणून धागा काढून राहिलो. यंदा बारावी झाली, इंजिनिअरिंगच्या सीईटीला (पीसीएम ग्रुप) ९१ पर्सेंटाइल, ओबीसी, नॉन क्रिमीलेअर हातात आहे, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत. बाबा म्हणतात कॉम्प्युटर, मामा म्हणतात कॉम्प्युटर, शेजारचे काका ज्यांना कोणी विचारलंच नाही ते पण म्हणतात कॉम्प्युटर. आणि हिला आवडते केमिस्ट्री.

नुसते मार्क मिळतात म्हणून आवडते असं नाही. आमच्याकडे मानेवाड्याला बोअरचं पाणी, नळावर पांढरा थर बसतो, तर बाईसाहेबांनी रात्री व्हिनेगरमध्ये फडकं भिजवून नळाला गुंडाळलं आणि सकाळी थर पुसून दाखवत आईला कॅल्शियम कार्बोनेटवर लेक्चर दिलं. आई म्हणे, लिंबू घासलं तरी निघते ते. मग अर्धा तास लिंबावर लेक्चर.

माझ्या डोक्यात अमरावती रोडचं एलआयटी, म्हणजे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे. १९४२ पासूनचं, २०२३ ला स्वतंत्र विद्यापीठ झालं, केमिकल इंजिनिअरिंग आणि केमिकल टेक्नॉलॉजी दोन्ही आहे. दुसरं म्हणजे सिव्हिल लाइन्सच्या शासकीय विज्ञान संस्थेतून बीएस्सी आणि मग जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एखाद्या आयआयटीत एमएस्सी. नवीन धोरणात तीन वर्षांनी डिग्री घेता येते किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स, पण बाबांना बीएस्सी म्हटलं की तोंडाची चवच जाते. तिसरं प्रायव्हेटात कॉम्प्युटर, नाहीतर एआय, डेटा सायन्स असं काही शेपूट लावलेली ब्रँच.

विचारायचं हे की केमिकलला पुढे काय, मुलींची फी माफी नक्की कुठे लागते, आणि ऑप्शन फॉर्ममध्ये आधी कॉम्प्युटर टाकून खाली केमिकल ठेवलं तर चालते का, बाबांचं पण मन राहील.

बुटीबोरीकर: भाऊ, केमिकलवाला आहो म्हणून सांगतो. आपल्याकडे बुटीबोरी आहे, चंद्रपूरकडे सिमेंट, बल्लारपूरला पेपर, पण खरा माल गुजरातेत आणि कोकणात, दहेज, वापी, लोटे. नागपूर सोडायची तयारी हवी, शिफ्ट असतात, सुरुवातीचा पगार आयटीवाल्या मित्राचा ऐकून रडू येते. पण कामाला शेवट नाही, साबणापासून औषधापर्यंत सगळीकडे तेच डिस्टिलेशन न् तेच हीट एक्स्चेंजर. एक मात्र तिला आत्ताच सांगून ठेवा, केमिकल इंजिनिअरिंगमध्ये केमिस्ट्री कमी आणि गणित, फिजिक्स जास्त. टेस्ट ट्यूब आवडत असेल तर बीएस्सीच बरं, बाबा काही म्हणोत.

सीईटीग्रस्त_आई: फॉर्मचं आधी ऐका. २०२५ पासून कॅपच्या, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, चार फेऱ्या आहेत. पहिल्या फेरीत एक नंबरचा पर्याय लागला की सीट आपोआप फ्रीझ, दुसरीत पहिल्या तीनपैकी काही लागलं की फ्रीझ, तिसरीत पहिल्या सहापैकी. ती सीट घ्या नाहीतर सोडा, पुढच्या फेरीत जाता येत नाही. म्हणून बाबांचं मन राखायला वर काहीबाही टाकू नका, तेच गळ्यात पडेल.

फी माफी २०२४-२५ पासून आहे, ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के, पण ॲडमिशन कॅपमधूनच हवी, मॅनेजमेंट कोट्यातून घेतली तर काही नाही. आणि काही प्रायव्हेट कॉलेजांची आता स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं झालीत, ती या योजनेत बसत नाहीत. नाव जुनंच दिसते, आपण जुन्या हिशोबात राहतो. डेव्हलपमेंट फी, होस्टेल हे तर भरावंच लागते.

कोडवाला: मी कॉम्प्युटरच म्हणेन. केमिकलमधून आयटीत आलेले माझ्या टीममध्येच तिघं बसले आहेत. उलटं गेलेला एक दाखवा.

धागाकर्ता: ताई, फ्रीझचं काही माहीत नव्हतं, लय मोठं काम केलं तुम्ही. बुटीबोरीकर, तुमचा प्रतिसाद तिला वाचायला दिला, गणितावर तोंड वाकडं केलं नाही. ती म्हणते केमिकल एक नंबरला, कॉम्प्युटर त्याच्या खाली आणि तेही फक्त फी माफीवाल्या कॉलेजांचं. बीएस्सीचा फॉर्म वेगळा भरून ठेवतो. कोडवाला, तुमचा मुद्दा बाबांनी मोठ्याने वाचला, दोनदा. आता एलआयटीत सध्या शिकणारी कोणी मुलगी इथे असेल तर इंटर्नशिपला कुठे कुठे पाठवतात आणि राहायची सोय कोण करते तेवढं सांगा, आईचा प्रश्न फक्त तेवढाच उरला आहे.