विक्रांतचे किट आणि जुन्या चित्रफिती : कोणत्या दृश्यावर विसंबावे?

तापीकाठ (भुसावळ)

नमस्कार. जुन्या ‘आयएनएस विक्रांत’ या विमानवाहू नौकेच्या प्रतिकृतीचे १:७०० प्रमाणातील रेझिनचे किट जोडायला घेतले आहे. खोक्यावर ‘१९७१’ असे ठळक छापलेले आहे. नौकेची एकूण लांबी सुमारे २१३ मीटर होती, म्हणजे या प्रमाणात ती साडेतीस सेंटिमीटर यायला हवी. पट्टी लावून पाहिली, बरोबर भरते. मात्र डेकचे पुढचे टोक वर उचललेले आहे. इंटरनेटवर मिळालेल्या दोन चित्रफितींपैकी पहिलीत हे टोक सपाट आहे, दुसरीत चढ स्पष्ट दिसतो, आणि निवेदक दोन्हींत १९७१च्या युद्धाविषयीच बोलतो. दुसऱ्या फितीत आयलंडही (डेकच्या कडेची मनोऱ्यासारखी इमारत) किटमधल्यापेक्षा लांबट वाटतो. खरी नौका २०१४ मध्ये मोडीत निघाल्यामुळे मुंबईला जाऊन खात्री करण्याची सोय राहिलेली नाही. रेझिनला पॉलिश पेपर लावण्यापूर्वी कोणत्या फितीवर विश्वास ठेवावा, हे जाणकारांनी सांगावे.

पांझरेकर (धुळे)

चढ निःशंक काढून टाका. १९७१च्या डिसेंबरमध्ये विक्रांतवरून सी हॉक आणि अलिझे ही विमाने बंगालच्या उपसागरात उडाली, ती वाफेच्या कॅटपल्टने, म्हणजे विमान पुढे भिरकावणाऱ्या यंत्राने. तो चढ, म्हणजे स्की-जंप, सी हॅरियर या विमानांसाठी १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धातील डागडुजीत बसवला गेला. निवेदकाचा आवाज नंतर चढवलेला असतो आणि संकलक हाताशी असेल तो तुकडा जोडून देतो, त्यामुळे संपूर्ण फितीला एक तारीख देऊ नये. प्रत्येक दृश्याची तारीख त्यातल्या विमानांवरून वेगळी ठरवावी. चढ दिसतो त्या दृश्यात डेकवर कोणती विमाने उभी आहेत?

जुना_ड्राफ्ट्समन (जळगाव)

आयलंडच्या लांबीबद्दल लिहितो, कारण माझे निम्मे आयुष्य रेल्वेच्या नकाशांवर गेले आणि फोटोवरून माप काढणाऱ्यांची फजिती मी पुष्कळ पाहिली आहे. जुनी फिल्म ४:३ आकाराची असते. ती आजच्या रुंद पडद्यावर ताणून बसवली की सगळेच लांबट होते. त्यामुळे आधी दृश्यात काहीतरी गोल शोधावे. बरोबर बाजूने दिसणाऱ्या विमानावरची वर्तुळाकार तिरंगी खूण त्याला उत्तम. ती अंडाकृती दिसली तर त्या फितीवर डिव्हायडर ठेवूच नये. त्यानंतर नौका कॅमेऱ्यासमोरून आडवी जाते तो एवढासा क्षण पकडून, एकेक फ्रेम पुढे-मागे करत, तेवढीच चौकट घ्यावी, कारण तिरक्या दृश्यात जवळचे टोक मोठे आणि दूरचे लहान होते. लांब पल्ल्याच्या भिंगाने समोरून टिपलेल्या दृश्यात डोलकाठी आणि चिमणी एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात, तेही मोजमापाला निरुपयोगी. आणि मोजायचे ते मीटर नव्हेत, गुणोत्तर : आयलंडची लांबी भागिले डेकची लांबी. तेच गुणोत्तर किटवर काढून ताडून पाहावे. फीत कधीकधी उलटीही छापली जाते. विक्रांतचा आयलंड उजव्या अंगाला होता, डाव्या अंगाला दिसला की फीत उलटी आहे असे समजावे.

तापीकाठ (भुसावळ)

दोघांचेही आभार. चढ असलेल्या दृश्यात सी हॅरियर आहेत, म्हणजे तो तुकडा १९७१चा असूच शकत नाही. त्याच फितीतल्या आधीच्या दृश्यात एक सी हॉक बरोबर आडवे उभे आहे. पडद्यावर कागद धरून त्याची खूण गिरवली, तर ती १६ मिलिमीटर रुंद आणि १२ मिलिमीटर उंच भरली! पहिल्या फितीतली खूण गोल आहे, तिच्यावरून काढलेले आयलंडचे गुणोत्तर किटशी जुळते. आयलंडला हात लावणार नाही. चढ मात्र काल घासून काढला आणि पुट्टी भरली. पहिल्या फितीत डेक फार काळपट दिसतो, तर रंगही तितकाच गडद घ्यावा का?

पांझरेकर (धुळे)

कृष्णधवल फितीवरून रंगाची छटा ठरवू नये. कॅमेऱ्यापुढे कोणता फिल्टर होता यावर करडेपणा बदलतो, ओला डेक कोरड्यापेक्षा गडद दिसतो, आणि प्रतीची प्रत काढताना उरलासुरला मधला करडाही काळ्यात जातो. रंगीत फीतही जपून वापरावी. त्या काळच्या अनेक रंगीत प्रती निळसर रंग उडून गुलाबी पडल्या आहेत. एकाच फ्रेममध्ये डेक आणि बाजूचा पत्रा यांत अधिक गडद कोणता, एवढेच तिच्यावरून खात्रीने सांगता येते. छटेसाठी त्या वर्षीचा चांगला रंगीत फोटो मिळेपर्यंत थांबावे, आणि रंगकाम मे महिन्यात दुपारी करू नये. आपल्याकडच्या उन्हात एअरब्रशमधला रंग किटवर पोहोचण्याआधीच वाळून पूड होतो.