गरम बॅटरी चार्जरवर लावली की दिवा लुकलुकतो

प्रश्न: कॉर्डलेस ड्रिलने काँक्रीटमध्ये सलग भोकं पाडल्यावर बॅटरी चार्ज होत नाही, लाल दिवा लुकलुकतो. चार्जर बिघडलाय का? दुसऱ्या कंपनीचा १८ व्होल्टचा चार्जर चालेल?

उत्तर १: बहुधा बिघाड नाही. बॅटरीतला थर्मिस्टर तापमान सांगतो, जास्त असेल तर चार्जर थांबतो. बॅटरी काढून अर्धा तास सावलीत ठेवा. फ्रिजमध्ये मात्र नको, आत दव धरतं. गार झाल्यावरही लुकलुकत असेल तर चार्जरचा प्लग काढून टर्मिनल, म्हणजे बॅटरी जिथे टेकते त्या धातूच्या पट्ट्या, कोरड्या कापडाने पुसा. तरीही तेच, तर बॅटरीच्या आतला एखादा सेल गेला असेल. दिव्यांचे अर्थ मॅन्युअलमध्ये पाहाच, प्रत्येक कंपनीचे वेगळे.

उत्तर २: दुसरा चार्जर अजिबात नको, खाचेत बसला तरी. १८ व्होल्टच्या लिथियम-आयन बॅटरी पॅकमध्ये ३.६ व्होल्टचे ५ सेल एकापुढे एक जोडलेले असतात. पूर्ण भरल्यावर सेल ४.२ आणि पॅक २१ व्होल्टवर जातो. परका चार्जर थर्मिस्टर वाचेलच असं नाही, मग थांबवणार कोण? शून्य अंशाखालीही चार्ज करू नका. सेलमध्ये लिथियम धातूचा थर साचतो आणि पुढे आतूनच शॉर्ट होऊ शकतो.

उत्तर ३: सुटी बॅटरी स्क्रू-खिळ्यांच्या डब्यात टाकू नका, टर्मिनल शॉर्ट होतात. बिट बदलताना आधी बॅटरी काढा. फुगलेली किंवा पडून तडा गेलेली बॅटरी चार्जरला लावायचीच नाही. टर्मिनलवर चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्या.

प्रश्नकर्ता: गार करून लावली, चार्ज होतेय. महिनाभर वापर नसेल तर पूर्ण भरून ठेवू?

उत्तर २: नाही, साधारण निम्मी.