शिकवणं आणि संशोधन: बर्कलीचं उदाहरण

शिकवण्यात वेळ गेला की संशोधन मागे पडतं, म्हणून मेंदूविज्ञानात करिअर करायचं तर विद्यापीठ नको, असं काही जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या मेंदूशास्त्रज्ञ मॅरियन डायमंड यांचं नाव इथे यायलाच हवं. फुलाफुलांच्या टोपीच्या डब्यातून त्या खराखुरा मानवी मेंदू वर्गात आणायच्या, हातमोजे चढवून तो अलगद उचलायच्या आणि मग शिकवायला लागायच्या. याच बाईंनी १९६४ मध्ये सहकाऱ्यांसोबत दाखवून दिलं, की सोबती आणि खेळणी असलेल्या पिंजऱ्यात वाढलेल्या उंदरांचं कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर) एकट्या, रिकाम्या पिंजऱ्यातल्या उंदरांपेक्षा जाड होतं. अनुभवाने मेंदूची रचना बदलते हे मानायला त्या काळी फारसं कुणी तयार नव्हतं! आइन्स्टाइनच्या मेंदूवरचा १९८५ चा निबंधही त्यांचाच.

शिकवणं तर ऐंशी उलटल्यावरही चालूच होतं. एम.एस्सी. करणाऱ्यांनी यूट्यूबवरची त्यांची व्याख्यानं जरूर बघावीत, शरीररचनेच्या पहिल्या तासापासून.